बारावी कॉमर्सनंतर इतक्या वर्षांनी इतिहास-समाजशास्त्र शिकायचंय, आधी सर्टिफिकेट-डिप्लोमा करू का थेट बीए? (सांगली)

हळदवाली_सांगली

नमस्कार सगळ्यांना. मी सांगलीत मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशोब बघते. बारावी कॉमर्स तासगावला झाली, लगेच लग्न, मग सांगली, मुलगी आता आठवीत आहे. पुढं शिकायचं राहिलं ते राहूनच गेलं. आता मनात पक्कं केलंय की इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र हे विषय नीट शिकायचे, म्हणजे यूट्यूबवरचे तुकडे बघून नाही तर पहिल्यापासून क्रमानं, पुस्तकं वाचून, परीक्षा देऊन.

कारण पण सांगते म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल. दुकानात सौदा निघतो तेव्हा शेतकरी पोत्याशेजारी उभा असतो, खरेदीदार मूठभर हळकुंडं उचलतात, एखादं मोडून आतला रंग बघतात आणि बघता बघता त्या माणसाच्या वर्षभराच्या पिकाचा भाव ठरून जातो. पट्टी मी करते. वजन किती, कपात किती, हातात काय पडलं ते मीच लिहून देते. कधी कधी तो माणूस पट्टी हातात घेऊन तसाच उभा राहतो आणि मला विचारतो, ताई भाव असा का निघाला ओ, आणि माझ्याकडं उत्तर नसतं. दुसरं म्हणजे आमच्याकडं हमालांची संघटना आहे, त्यांचे दर ठरलेले आहेत, पण हळद निवडायला ज्या बायका येतात त्यांचं असं काहीच नाही. काम तर त्या पण दिवसभर करतात की. मग हा फरक कुठनं आला, कधीपासून आहे, कोणी ठरवला? असले प्रश्न डोक्यात येत राहतात आणि मला वाटतं याची उत्तरं या विषयांत असणार.

तर विचारायचं असं की, ह्या विषयांची ओळख करून देणारा एखादा वर्षाचा कोर्स किंवा डिप्लोमा विद्यापीठातनं करता येतो का, का सरळ बीएलाच बसायचं? तीन वर्षं जमतील का याची खात्री नाही म्हणून विचारतेय. नोकरी सोडता येणार नाही, रविवार आणि रात्रीचा वेळ आहे. पहिल्या वर्षी नक्की काय शिकवतात? इंग्रजी यथातथाच आहे. घरचे म्हणतात या वयात आर्ट्स करून काय मिळणार, त्यांना काय सांगू तेही सुचत नाही. ज्यांनी केलंय किंवा शिकवलंय त्यांनी मोकळेपणानं सांगा.

कराडचा_मास्तर

ताई, प्रश्न चांगला मांडलाय, आणि त्यातली अर्धी काळजी मी लगेच कमी करतो. डिप्लोमा का बीए हे आता वेगवेगळं निवडायची गरजच राहिलेली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यानंतर पदवीची रचनाच अशी झालीय की एकाच अभ्यासक्रमात टप्पे आहेत. पहिलं वर्ष पूर्ण केलं म्हणजे साधारण ४० ते ४४ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे केलेल्या अभ्यासाचं माप) झाले की यूजी म्हणजे पदवी स्तरावरचं सर्टिफिकेट घेऊन थांबता येतं, दोन वर्षं म्हणजे ८० ते ८८ क्रेडिटला यूजी डिप्लोमा, तीन वर्षांना १२० ते १३२ क्रेडिट झाले की पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मधेच थांबणाऱ्याला सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा हवा असेल तर कौशल्याचे किंवा इंटर्नशिपचे ४ क्रेडिट जादा करावे लागतात, हे कुणी सांगत नाही म्हणून आधीच सांगतोय. थांबल्यावर तीन वर्षांच्या आत परत येऊन पुढं चालू करता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. तुमचे क्रेडिट अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. म्हणजे पहिल्या वर्षानंतर घरात काही अडचण आली, मुलीची दहावी आली, तरी केलेलं वाया जात नाही.

त्यामुळं माझं स्पष्ट मत, बीएला प्रवेश घ्या आणि मनात एकच वर्ष धरा. ते झाल्यावर पुढचं ठरवा.

आता कुठं घ्यायचा. सांगलीत विश्रामबागला विलिंग्डन कॉलेज आहे, १९१९ सालचं, कला शाखा जुनी आहे, आणि आपला सगळा भाग १९६२ ला स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात येतो, पण रेग्युलर म्हटलं की हजेरी आली आणि तुमची नोकरी आहे. म्हणून तुमच्यासाठी तीन ठिकाणं बघण्यासारखी. एक, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९), पुस्तकं मराठीत असतात आणि घरी बसून वाचता येतील अशा बेतानंच लिहिलेली असतात. दोन, शिवाजी विद्यापीठाचं स्वतःचं दूरशिक्षण केंद्र. तीन, इग्नू म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५), तिथं असाइनमेंटला ३० टक्के आणि लेखी परीक्षेला ७० टक्के वजन असतं, दर्जा चांगला पण माध्यम मुख्यतः इंग्रजी किंवा हिंदी. तुम्ही इंग्रजीचं लिहिलंय म्हणून पहिल्या दोनमधनंच निवडा असं सुचवीन. इग्नूचं साहित्य त्यांच्या ई-ज्ञानकोश साइटवर फुकट आहे, ते पूरक वाचायला ठेवा.

एक सावधगिरी. 'डिप्लोमा' हे नाव लावून कोर्स विकणारे बरेच आहेत. दूरशिक्षणातनं काहीही घ्यायच्या आधी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाच्या म्हणजे 'डेब'च्या साइटवर त्या विद्यापीठाचा तोच अभ्यासक्रम त्याच वर्षाच्या मान्य यादीत आहे का ते स्वतः बघायचं. नुसतं विद्यापीठाचं नाव असून भागत नाही, अभ्यासक्रमाचं नाव पाहिजे. आणि २०२४ पासून दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डेब आयडी लागतो, तो त्याच साइटवर स्वतःला काढता येतो, एजंटाला पैसे द्यायचं कारण नाही.

तुमची बारावी झालीय त्यामुळं पूर्वतयारी वगैरे काही लागणार नाही. वाचणाऱ्यांत कोणी बारावी न झालेले असतील तर इग्नूचा सहा महिन्यांचा पूर्वतयारी कोर्स आहे, त्यात सामाजिक शास्त्रांची तोंडओळख पण आहे. फक्त तो बारावीच्या बरोबरीचा धरला जात नाही, पुढं नोकरीसाठी करणार असाल तर हे नीट ध्यानात ठेवा.

आटपाडी_एक्सप्रेस

ताई वाईट वाटून घेऊ नका पण मी जरा वेगळं बोलणार. सर्टिफिकेट आणि डिप्लोमानं नोकरीच्या बाजारात फार काही हलत नाही हे मास्तरांनी सांगायला पाहिजे होतं. राज्यसेवा असो, बँक असो, जिथं पदवी मागतात तिथं पदवीच लागते, दोन वर्षांचा यूजी डिप्लोमा चालत नाही. मी स्वतः परीक्षा देतोय, आमच्या अभ्यासिकेत बसणारी निम्मी पोरं सायन्स-इंजिनिअरिंगची आहेत आणि सगळी आता इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल शून्यातनं वाचतायत. त्यात राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक स्वरूपाची झाल्यापासून नुसतं पाठ करून गोल काळे करायचे दिवस गेले, लिहिता आलं पाहिजे. म्हणून करायचंच असेल तर तीन वर्षं धरूनच चालू करा. एक वर्षात सोडलं तर घरच्यांच्या 'काय मिळणार'ला खरंच उत्तर राहणार नाही.

येरळाकाठ

आटपाडीकर भाऊंचं पदवीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, नोकरीसाठी असेल तर तीन वर्षंच. पण ताईंनी नोकरीसाठी विचारलेलंच नाही. त्यांना शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे, आणि माझ्या मते एवढं भक्कम कारण घेऊन फार कमी विद्यार्थी पहिल्या वर्षाला येतात. मी साताऱ्यात समाजशास्त्र शिकवते, गाव खानापूर तालुक्यात, त्यामुळं 'पहिल्या वर्षी काय शिकवतात' याचं उत्तर आपल्याच भागातलं उदाहरण घेऊन देते. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आपला दुष्काळ घ्या. माण, खटाव, आटपाडी, जत, खानापूर. भूगोल सांगतो की हा पर्जन्यछायेचा पट्टा आहे, सह्याद्रीला महाबळेश्वरात धो धो कोसळणारा पाऊस इकडं येईपर्यंत संपतो. बरोबर आहे, पण तेवढ्यानं विषय संपला का? अर्थशास्त्र विचारतं, याच पट्ट्यात जिथं पाणी आहे तिथं ते कोणत्या पिकाला जातं आणि त्या पिकाला का जातं. राज्यशास्त्र विचारतं, कालवा कुठनं न्यायचा हे ठरवलं कोणी, कोणाच्या गावाला आधी पाणी मिळालं आणि ते ठरताना कोणाचा आवाज पोचला. समाजशास्त्र विचारतं, दुष्काळ पडला की गावातली सगळी घरं सारखीच होरपळतात का, भूमिहीनाचं काय होतं, बाईचं काय होतं, शाळेतनं आधी कोणाला काढतात. आणि इतिहास विचारतो, हे असंच कायम होतं का, कधी कुणी बदलायचा प्रयत्न केला का.

केला होता, आणि तोही इथंच. रोजगार हमी योजना आज अख्ख्या देशाला माहिती आहे, २००५ ला केंद्रानं कायदा केला, पण तिची सुरुवात आपल्या सांगली जिल्ह्यातली आहे. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती, त्यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा पहिला प्रयोग करून बघितला. ताई तुम्ही तासगावच्या, म्हणजे तुमच्या शेजारची गोष्ट! पुढं १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर लागली आणि १९७७ ला महाराष्ट्रानं कायदा केला की काम मागणाऱ्याला काम द्यायलाच पाहिजे. काम हा हक्क आहे हे कायद्यात लिहिलं गेलं, हे त्या काळात केवढं मोठं पाऊल होतं.

आता पुढची पायरी. १९८२ ला मुंबईत गिरणी संप झाला, आमच्या खानापूर तालुक्यातले कितीतरी गिरणी कामगार गावाकडं परत आले आणि रोजगार हमीवर खडी फोडायला लागले. त्यांनीच विचारलं की दरवर्षी दुष्काळ, दरवर्षी खडी, या कामानं दुष्काळ हटणार कधी? त्यातनं मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, आणि बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळा नदीवर बळीराजा धरण बांधलं. पैसा कुठनं आणला तर नदीतल्या वाळूवर गावाचा हक्क सांगून, थोडी वाळू विकून. आणि पाणी वाटायचं तत्त्व काय ठेवलं तर जमीन किती यावर पाणी नाही, माणसावर पाणी, म्हणजे भूमिहीनालाही वाटा. समन्यायी पाणीवाटप हा शब्द पुस्तकात येतो तेव्हा बाहेरच्या पोरांना तो पाठ करावा लागतो, आपल्याला तो येरळेवर जाऊन बघता येतो.

पहिल्या वर्षाचा अभ्यास म्हणजे हे असं बघायला शिकणं. समाज म्हणजे काय, संस्था म्हणजे काय, स्तरीकरण म्हणजे काय, राज्यसंस्था, सत्ता, हक्क, नागरिकत्व, इतिहासाची साधनं कोणती आणि त्यांच्यावर विश्वास किती ठेवायचा, मागणी-पुरवठा, बाजाराचे प्रकार, हे सगळं पहिल्या वर्षात येतं. व्याख्या सुरुवातीला कोरड्या वाटतील. तेव्हा प्रत्येक व्याख्येला यार्डातलं एक उदाहरण शोधायचं, एवढंच करा. तुमच्या हमालांच्या प्रश्नाला तर सरळ धागा आहे, महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला, त्याच्यामागं संघटनेचा मोठा लढा होता. निवडणाऱ्या बायकांना तसं काही का मिळालं नाही, हंगामी काम म्हणून, का 'बायकांचं हलकं काम' असं आपण आधीच ठरवून टाकलेलं असतं म्हणून, का त्या रोज वेगवेगळ्या दुकानात जातात आणि एकत्र येतच नाहीत म्हणून? मी उत्तर देत नाही, हा समाजशास्त्रातला खराखुरा संशोधनाचा प्रश्न आहे आणि तो तुम्ही अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधीच विचारलाय.

घरच्यांना काय सांगायचं तेही सांगते. वाळवा तालुक्यातल्या कासेगावात गेल ऑम्व्हेट राहायच्या, २०२१ ला गेल्या. अमेरिकेतनं महात्मा फुल्यांच्या चळवळीचा, बहुजन समाजाचा अभ्यास करायला आल्या आणि कासेगावच्याच झाल्या, दुष्काळी भागातल्या बायकांबरोबर, परित्यक्तांच्या प्रश्नावर काम केलं. जगभरचे विद्यार्थी सातारा-सांगली समजून घ्यायला त्यांचं लेखन वाचतात. साता समुद्रापलीकडची बाई आपला भाग शिकायला येते, मग आपल्या सुनेनं तो शिकला तर काय बिघडलं?

कोरेगाव_पॅसेंजर

+१ येरळाकाठ मॅडम. फक्त एक भर, वय आणि नोकरी याचं टेन्शन साताऱ्या-सांगलीच्या माणसानं तरी घेऊ नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, त्याचा पायाच मुळी कमवा आणि शिका हा होता. माझे वडील तसेच शिकले, सकाळी शेतात काम आणि दुपारी इतिहासाचा तास. ते आजही सांगतात की कामाच्या जागी जे बघितलं तेच वर्गात कळायचं.

हळदवाली_सांगली

मॅडम, खरंच खूप आभार. विसापूरचं मला माहितीच नव्हतं, माझं माहेर तिथनं जवळ आहे आणि शाळेत कधी कुणी सांगितलं नाही. काल रात्री मिस्टरांना पण वाचून दाखवलं, ते म्हणाले अ‍ॅडमिशनचे पैसे कधी भरायचे ते विचार. म्हणजे निम्मं काम झालं.

आता भीती वेगळीच आहे. मला लिहायची सवय राहिलेली नाही, पट्ट्या आणि खतावणी सोडून काही लिहिलंच नाही. कॉमर्सला उत्तर म्हणजे ताळेबंद जुळला की झालं. इथं दहा मार्काचं उत्तर लिहायचं म्हणजे काय लिहायचं? मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका बघितल्या तर 'चर्चा करा', 'चिकित्सा करा', 'थोडक्यात स्पष्ट करा' असलं सगळं. आणि बाजारात गाइडं मिळतात ती घ्यावीत का?

कराडचा_मास्तर

गाइडबद्दल आधी. परीक्षेच्या आधी प्रश्न कसे येतात ते बघायला गाइड चाळा, पण सुरुवात गाइडनं केली तर विषय कायमचा तुटतो हे मी दरवर्षी बघतोय. पोरांना दहा मुद्दे पाठ असतात आणि अकरावा प्रश्न विचारला की गप्प.

उत्तर कसं लिहायचं ते एक प्रश्न घेऊनच दाखवतो. समजा विचारलं, 'सातारच्या प्रतिसरकारच्या यशाची कारणे सांगा'. बहुतेक जण काय लिहितात? क्रांतिसिंह नाना पाटील हे येडेमच्छिंद्रचे इथनं सुरू करून चरित्र लिहितात, मग तुफान सेना, मग पत्री मारायचे म्हणजे कठोर शिक्षा करायचे त्याच्या गोष्टी, आणि शेवटी 'अशा प्रकारे प्रतिसरकार यशस्वी झाले'. माहिती चुकीची नाही पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर कुठाय?

आता असं करा. पहिल्या दोन ओळींत तुमचं म्हणणं सांगून टाकायचं. म्हणजे उदाहरणार्थ, १९४२ ची चळवळ बऱ्याच ठिकाणी काही महिन्यांत थंडावली पण साताऱ्यात १९४३ ते १९४६ पर्यंत समांतर सरकार चाललं, कारण ते नुसतं इंग्रजांविरुद्ध नव्हतं, गावच्या रोजच्या प्रश्नांत त्यानं हात घातला. झालं, हा तुमचा दावा. मग एकेका परिच्छेदात एकेक कारण आणि त्याला पुरावा. पहिलं कारण, सत्यशोधक चळवळीनं या भागातला शेतकरी आधीच जागा केलेला होता, माणसं तयार होती. दुसरं, न्यायदान मंडळं होती, भांडणं गावातच मिटायची, कोर्टकचेरीचा खर्च वाचायचा, सावकार आणि दरोडेखोरांचा बंदोबस्त व्हायचा, म्हणजे लोकांना त्या सरकारचा उपयोग होता. तिसरं, भूमिगतांना गावानं सांभाळलं, भाकरी पोचवली, निरोप पोचवले, आणि यात बायकांचं काम किती मोठं होतं ते आवर्जून लिहा. मग एक परिच्छेद उलट बाजूचा ठेवायचा, शिक्षा कठोर होत्या त्याबद्दल आक्षेप काय आहेत, त्याला तुमचं उत्तर काय. एवढं केलं की 'चिकित्सा करा' याचं काम झालं.

त्यातच एक गंमत बघा, पुस्तकात 'सातारचं प्रतिसरकार' वाचल्यावर सांगलीच्या पोरांना वाटतं हा शेजारच्या जिल्ह्याचा इतिहास. अहो तेव्हा सांगली जिल्हा होताच कुठं? १९४९ ला दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. येडेमच्छिंद्र तेव्हा साताऱ्यातच, आणि कुंडल तर औंध संस्थानात. कुठलाही जुना आकडा किंवा नाव वाचताना तेव्हाची हद्द काय होती हे बघायचं, ही सवय पहिल्या वर्षातच लावून घ्या.

आणि रोज एक पान. विषय काही का असेना, एक दावा आणि दोन कारणं हातानं लिहायची, मोबाईलवर नाही. परीक्षा तीन तास हातानंच लिहायची असते आणि सवय नसेल तर दुसऱ्या तासाला बोटं आखडतात.

गलाईवाला_विटा

मी दूरशिक्षणातनं पहिलं वर्ष केलंय म्हणून विद्यार्थ्याच्या बाजूनं चार शब्द. आमचं घर गलाईतलं, म्हणजे सोनं-चांदी शुद्ध करायचं काम, भाऊ तमिळनाडूत, मी पण आधी तिकडंच होतो, आता विट्यात. स्थलांतरावरचा धडा आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की अरे हे तर आपलंच चाललंय, खानापूर-आटपाडीतनं भारतभर गेलेली माणसं, दुष्काळानं गाव सोडलं, एकानं दुसऱ्याला नेलं, आणि गावातलं देऊळ-शाळा त्याच पैशातनं उभी राहिली. पुस्तकात साखळी स्थलांतर म्हणतात ते हेच.

काम करून अभ्यास करणाऱ्याला खरा त्रास विषयाचा होत नाही, एकटेपणाचा होतो. वर्ग नाही, मित्र नाहीत, दोन महिने पुस्तक उघडलं नाही तरी विचारणारं कोणी नाही. म्हणून तुमच्या अभ्यास केंद्रावर ज्या रविवारी संपर्क सत्र असतं ते चुकवू नका, शिकवणं कसं का असेना, तिथं दोन-तीन जण सोबतीला मिळतात. आमचा तिघांचा ग्रुप झाला, एक अंगणवाडी सेविका, एक एसटीतले कंडक्टर आणि मी. दर आठवड्याला एक धडा एकानं वाचून बाकीच्यांना फोनवर सांगायचा. सांगायला लागलं की आपल्याला काय कळलं नाही ते लगेच उघडं पडतं.

पुस्तकं केंद्रावर कधी कधी उशिरा येतात, तेव्हा थांबून राहू नका, विद्यापीठाच्या साइटवर पीडीएफ असतात, झेरॉक्स मारून घ्या. वाचनालयाची मेंबरशिप घ्या. सांगलीच्या नगर वाचनालयाची कितीतरी पुस्तकं २०१९ च्या महापुरात गेली, जुनी जुनी पुस्तकं होती, आठवलं की अजून वाईट वाटतं, पण म्हणूनच तिथं जाणारे वाचक वाढले पाहिजेत.

आणि सगळ्यात कामाचं, मराठी विश्वकोश. वाईत त्याचं काम चालू झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष, आणि आता सगळे खंड नेटवर फुकट आहेत. कुठलीही संकल्पना अडली, सार्वभौमत्व, भांडवलशाही, जातिव्यवस्था, काहीही, आधी तिथली नोंद वाचायची. भाषा जरा जड आहे, दोनदा वाचावी लागते, पण गाइडच्या चार ओळींपेक्षा लाख पटीनं बरी. इंग्रजी कच्चं असलेल्या माणसाला याच्याइतका मोठा आधार दुसरा नाही.

आटपाडी_एक्सप्रेस

विश्वकोशाला माझं पण अनुमोदन. मास्तर, तुमचं उत्तर लेखनाचं आमच्या ग्रुपवर टाकलंय, सगळ्यांना उपयोगी आहे. ताई, मेजर म्हणजे मुख्य विषय कोणता घेताय?

हळदवाली_सांगली

बहुतेक समाजशास्त्र मेजर आणि इतिहास मायनर म्हणजे दुय्यम विषय, अर्थशास्त्र ओपन इलेक्टिव्हला (आपल्या आवडीनं निवडायच्या विषयात) मिळालं तर बघते, म्हणजे भावाचं पण थोडं कळेल. मुक्त विद्यापीठाचं अभ्यास केंद्र यार्डापासनं जवळ आहे, तिथं उद्या जेवणाच्या सुट्टीत जाऊन येणार. मान्य यादी आज साइटवर बघितली, बीए आहे त्यात.

मॅडम, एक विचारायचं होतं. निवडणाऱ्या बायकांशी मी आत्तापासनंच बोलायला सुरुवात करू का? एक मावशी आहेत, लग्न झाल्यापासनं हेच काम करतायत, त्यांना सगळं आठवतं, आधी पेवातनं हळद काढायचे तेव्हाचं पण. हरिपूरला पेवं होती ना जमिनीतली, त्यात उतरायचं काम कोण करायचं, वर निवडायला कोण बसायचं, मजुरी कशी द्यायचे. हे लिहून ठेवलं तर चालेल का, का आधी शिकून मग करायचं?

येरळाकाठ

आत्ताच करा! शिकेपर्यंत थांबलात तर मावशींना तेवढं आठवेलच असं नाही. फक्त काही पथ्यं पाळा. आधी त्यांना सांगा की मी हे अभ्यासासाठी लिहून घेतेय, आणि त्या नको म्हणाल्या तर तिथंच थांबायचं. तुम्ही त्याच दुकानात हिशोब बघता, म्हणजे त्यांच्या दृष्टीनं तुम्ही मालकाच्या बाजूच्या, हे विसरू नका, त्यामुळं मजुरीबद्दल दुकानात बसून विचारू नका, त्यांच्या घरी किंवा वाटेत चालता चालता बोला. वहीत त्यांचं खरं नाव लिहायचं नाही, एखादं अक्षर ठेवा. त्या जे म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत एका पानावर, आणि तुम्हाला त्यावर काय वाटलं ते समोरच्या पानावर, दोन्ही एकमेकांत मिसळू द्यायचं नाही. तारीख टाका. एक मावशी झाल्या की दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या वयाच्या बाईशी बोला, एकीच्या बोलण्यावरनं सगळ्यांबद्दल बोलता येत नाही. पेवात उतरायचं काम कोण करायचं हा प्रश्न तर फारच चांगला आहे, त्यात जात, मजुरी, जीवाचा धोका सगळंच येतं, आतली हवा कोंदट असते म्हणून आधी कंदील सोडून बघायचे असं आमच्याकडची जुनी माणसं सांगायची, ते खरं का आणि तुमच्याकडं काय करायचे ते विचारा.

कराडचा_मास्तर

ताई, उद्या केंद्रावर जाताय तर एक काम आजच करा. बारावीच्या मार्कलिस्टवर तुमचं माहेरचं नाव असणार आणि आधारवर सासरचं. प्रवेश अर्ज, क्रेडिट बँकेचा आयडी आणि डेब आयडी सगळीकडं नाव सारखं नसलं की अर्ज अडकतो, दरवर्षी लग्न झालेल्या मुलींचं नेमकं इथंच घोडं अडतं. मार्कलिस्ट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि विवाह नोंदणीचा दाखला, चारही मूळ प्रती आणि झेरॉक्स घेऊन जा, आणि अर्जात नाव कोणतं टाकायचं ते तिथल्या माणसाला विचारून मगच भरा. विवाह नोंदणी केली नसेल तर उद्या आधी महापालिकेत जा, केंद्रावर परवा गेलात तरी चालेल.

हळदवाली_सांगली

केलेली आहे सर, दाखला कपाटात आहे. धन्यवाद, झेरॉक्स आजच मारून ठेवते.